लाईट आली, पण किती आली?

गावात दिवसाकाठी सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता, असे कुणी विचारले, तर उत्तर सोपे आहे. “लाईट आली का?” बांधावरून, ओट्यावरून, आता तर फोनवरूनही हाच प्रश्न. उत्तरही ठरलेले, आली किंवा गेली. परंतु किती आली, हे कुणी विचारत नाही. पाटाला पाणी आले म्हटल्यावर आपण लगेच विचारतो, “किती आहे? दांडाभर की करंगळीएवढे?” विजेच्या बाबतीत मात्र बटण दाबले, मोटार गुरगुरली, की आपले समाधान होते. आणि ऐन ऊस तुटायला आलेला असताना किंवा कांद्याचे शेवटचे पाणी राहिले असताना एके रात्री मोटार जळते. मग मोटार वर काढा, ट्रॉलीत घाला, तालुक्याला न्या, रिवाइंडिंगवाल्याच्या दारात नंबर लावा.

एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल राज्य शासनाने माफ केले आहे. चांगली गोष्ट. पण जळालेल्या मोटारीची तांब्याची तार कुणी माफ करत नाही, आणि आठ दिवस तहानलेले पीकही थांबत नाही. म्हणून वीज किती आली हे ओळखायला शिकणे भाग आहे. त्याला शाळा-कॉलेजाची गरज नाही. ज्याला पाणी कळते त्याला वीज कळते.

समजा, घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि खाली नळ आहे. टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब जास्त. कोयनेचे पाणी सह्याद्री पोखरून पश्चिमेकडे पोफळीच्या बाजूला खाली सोडले ते याच उंचीसाठी. विजेच्या या दाबाला व्होल्ट म्हणतात. नळातून दर क्षणाला किती पाणी पडते, तो झाला प्रवाह. विजेच्या प्रवाहाचे माप अँपिअर. आणि पाइप बारीक असेल, आत गाळ बसला असेल, तर दाब असूनही पाणी कमी येते; हा झाला विरोध. घरात येणाऱ्या सिंगल फेजचा दाब २३० व्होल्ट असतो. विहिरीवरच्या थ्री फेजमध्ये दोन तारांमध्ये तो ४०० ते ४१५ व्होल्ट असायला हवा. ‘हवा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे.

आता मोटारीची गंमत पहा. माणूस अर्धपोटी असला तर काम कमी करतो. मोटारीला तेवढी अक्कल नाही. पाणी शंभर फुटांवरून वर काढायचे हे तिचे काम ठरलेले. दाब कमी मिळाला तर ती काम कमी न करता प्रवाह जास्त ओढते. पाच अश्वशक्तीची मोटार ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर घेते. तोच दाब ३०० वर उतरला, की ती दहाच्या आसपास जाते. आपण म्हणू, अडीच अँपिअरने काय होते? होते असे, की तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. साडेसात गुणिले साडेसात म्हणजे छप्पन. दहा गुणिले दहा म्हणजे शंभर. उष्णता जवळजवळ पावणेदोन पट झाली! मोटारीच्या आत तांब्याच्या तारेवर जे वेष्टण असते त्याबद्दल जाणकारांचा एक जुना आडाखा आहे. नेहमीपेक्षा दर दहा अंशांनी तापमान वाढले, की त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे मोटार त्या एका रात्रीत जळत नाही. ती महिनाभर रोज रात्री थोडी थोडी जळत असते. आपल्याला फक्त शेवटची रात्र दिसते.

तीनपैकी एक फेज गेली तर याहून वाईट. तीन बैलांचे ओझे दोन बैलांवर आले असे समजा. उरलेल्या दोन तारांतून पावणेदोन पटीच्या आसपास प्रवाह वाहू लागतो आणि काही मिनिटांत खेळ आटोपतो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नावाची लहानशी पेटी अशा वेळी मोटार आपोआप बंद करते. पुष्कळ ठिकाणी ती बसवलेली असते, पण “सारखी ट्रिप होते” म्हणून तारा जोडून बाद केलेली असते. दार वाजवून चोर आल्याचे सांगणाऱ्या कुत्र्याला भुंकतो म्हणून हाकलून देण्यासारखेच हे आहे. थ्री फेज नसताना कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार चालवण्याचा उद्योगही याच जातीचा. पाणी येते खरे, पण ते मोटारीच्या आयुष्यातून येते.

डीपी का बसते?

दाब कमी का होतो, याचे सगळे खापर आपण वीज कंपनीवर फोडतो. काही अंशी ते बरोबरही आहे. लांबलचक लाइन, झिजलेल्या तारा, एका डीपीवर मंजूर भारापेक्षा जास्त मोटारी, वर आकडे टाकलेले. पण एक कारण आपल्या स्वतःच्या पेटीत बसलेले असते. त्याचे नाव ऑटो स्विच.

शेतीची थ्री फेज पुष्कळ ठिकाणी अजून आळीपाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री येते. रात्री दोन वाजता उठून, विंचूकाट्यातून विहिरीवर जायचे कुणाला आवडेल? म्हणून ऑटो स्विच लावतात. लाईट आली की मोटार आपली आपण चालू. यात चूक काही दिसत नाही. पण मोटार चालू होताना, पहिल्या काही क्षणांत, ती नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. चिखलात रुतलेली गाडी हलवायला पहिला हिसडा किती मोठा लागतो, तसेच ते. आता हिशेब करा. ६३ केव्हीएची डीपी साधारण ८४ अँपिअर सोसते. तिच्यावर पाच अश्वशक्तीच्या दहा मोटारी चालू असल्या, तर ७५ अँपिअर होतात. डीपी आनंदाने चालते. पण त्याच दहा मोटारी ऑटोने एकाच क्षणी उठल्या, तर साडेचारशे अँपिअरांची मागणी एकदम येते. दाब धाडकन कोसळतो. दाब कोसळला म्हणून मोटारी उचल घेत नाहीत, आणि उचल घेत नाहीत म्हणून तसाच मोठा प्रवाह ओढत राहतात. फ्यूज तरी जातो, नाहीतर डीपी तरी जाते. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार घातलेली असली तर डीपीच जाते, हे सांगायला नकोच. मग अख्खी शिवाराची वाट लागते आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

एका डीपीवरचे शेतकरी एकत्र बसून ठरवू शकतात, की ऑटो काढायचा, नाहीतर प्रत्येकाने निरनिराळ्या वेळेचा टायमर लावायचा. एकाची मोटार लाईट आल्यावर एका मिनिटाने, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, तिसऱ्याची तीन. पाण्याच्या पाळ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी ठरवल्या आणि पाळल्या. विजेची पाळी ठरवणे त्याहून अवघड नाही.

दुसरी गोष्ट कपॅसिटरची. मोटार फिरण्यासाठी तिच्या आत लोहचुंबक तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी थोडा जादा प्रवाह नुसताच डीपी ते मोटार असा ये-जा करत असतो. तो पाणी काढत नाही, पण तारेत जागा अडवतो. मोटारीजवळ योग्य मापाचा कपॅसिटर जोडला, की ही ये-जा तिथल्या तिथे होते, लाइन मोकळी होते, दाब थोडा सुधारतो. पाच अश्वशक्तीला साधारण २ केव्हीएआरचा कपॅसिटर लागतो. एकट्याने लावून फारसा फरक दिसत नाही. सर्वांनी लावला तर दिसतो. लाईट गेल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज शिल्लक राहू शकते, तेव्हा बंद पेटी आहे म्हणून त्याला हात लावू नये.

तिसरी गोष्ट केबलची. मीटरपासून विहीर ३०० मीटर दूर आहे आणि पैसे वाचावेत म्हणून तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची केबल टाकली, तर पाच अश्वशक्तीच्या मोटारीसाठी सुमारे २५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बारीक पाइपातून लांबवर पाणी न्यावे तसे. चार चौरस मिलिमीटरची टाकली तर ही गळती सोळा-सतरा व्होल्टवर येते. केबल एकदा घ्यायची असते. गळती रोजची असते.

पेटीवरचे दोन काटे

स्टार्टरच्या पेटीवर दोन मीटर असतात, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा. पुष्कळ विहिरींवर त्यांच्या काचेवर इतकी धूळ असते, की काटा आहे की नाही तेही कळत नाही. ज्यांच्या पेटीवर ते बंद पडले आहेत त्यांनी ते आधी बदलून घ्यावेत, कारण डॉक्टर जशी नाडी पाहतो तशी मोटारीची नाडी तिथे दिसते.

मोटारीच्या अंगावर पत्र्याची एक पाटी असते. तिच्यावर किती व्होल्ट आणि पूर्ण भाराला किती अँपिअर ते कोरलेले असते. मोटार नवी असतानाच तो आकडा पेटीच्या दारावर ऑइलपेंटने लिहून ठेवावा. मग पाहायचे असे. व्होल्ट कमी आणि अँपिअर जास्त, तर दोष पुरवठ्यात. मोटार बंद करा आणि थोडा वेळ थांबा. व्होल्ट बरोबर पण अँपिअर जास्त, तर दोष आपल्याकडे. पंपात वाळू अडकली असेल किंवा बेअरिंग गेले असेल. व्होल्ट बरोबर आणि अँपिअर नेहमीपेक्षा बरेच कमी, तर पंप पाणी ओढत नाही. पाणी खाली गेले असेल किंवा फूटव्हॉल्व्ह गळत असेल. अशी कोरडी फिरणारी मोटारही टिकत नाही.

यात एक चकवा आहे. पावसाळ्यात विहीर तुडुंब असते, तेव्हा पंपाला काम हलके, असे आपल्याला वाटते. पुष्कळ पंपांत नेमके उलट होते. उंची कमी झाल्यामुळे पंप जास्त पाणी फेकतो आणि अँपिअर वाढतात. भरल्या विहिरीवर मोटार का तापली याचे कोडे पडते ते यामुळे. तेव्हा बाहेर जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह थोडा दाबून काटा पाटीवरच्या आकड्यावर आणावा. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिलेही मिस्त्रीकडून याच आकड्याला धरून लावून घ्यावा. “सारखा पडतो” म्हणून शेवटच्या खुणेपर्यंत फिरवून ठेवू नये.

एक युनिट म्हणजे काय?

दाब आणि प्रवाह मिळून जे काम होते त्याच्या वेगाला शक्ती म्हणतात. तिचे माप वॅट. आणि ‘अश्वशक्ती’ हा शब्द आला कुठून? वाफेचे इंजिन सुधारणाऱ्या जेम्स वॅटला आपले इंजिन किती घोड्यांचे काम करते हे गिऱ्हाइकांना पटवायचे होते, त्यातून हे माप रूढ झाले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ७६ किलो वजन एक मीटर उचलणे. आपल्याकडची चांगली बैलजोडी साधारण एवढेच काम करते. ज्यांनी मोट हाकली आहे, त्यांना पाच अश्वशक्ती म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. पाच बैलजोड्या, आणि त्याही न थकणाऱ्या.

एक हजार वॅटचे काम एक तास चालले, की एक युनिट झाले. नऊ वॅटचा एलईडी दिवा एका युनिटमध्ये शंभर तासांहून जास्त जळतो. ७५ वॅटचा जुना पंखा तेरा तास फिरतो. हजार वॅटची इस्त्री मात्र तासाभरात तेच युनिट फस्त करते. घरचे बिल जास्त आले, तर दिव्यावरून मुलांना रागावण्याआधी इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड यांच्याकडे पहावे. आणि विहिरीवर? तीस मीटरवरून पाणी काढायचे तर गणिताने एका युनिटमध्ये बारा हजार लिटर यायला हवे. मोटार, पंप, पाइप, वाकणे यांत इतकी शक्ती वाया जाते, की प्रत्यक्षात चार-पाच हजार लिटर आले तरी पंप चांगला म्हणायचा.

बॅटरीत किती वीज मावते?

हे युनिटचे माप हातात धरले, की बॅटरीचा खरा जीव कळतो. इटलीतल्या व्होल्टाने १८०० साली चांदी आणि जस्त यांच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे, अशी चळत रचून पहिली बॅटरी केली. दाबाच्या मापाला व्होल्ट हे नाव त्याच्यावरूनच पडले. शिशाची, परत परत भरता येणारी बॅटरी फ्रान्सच्या प्लाँते याने १८५९ साली तयार केली. आपल्या ट्रॅक्टरखाली आहे ती तिचीच वंशज. तिच्यात सहा घरे असतात, प्रत्येक घर दोन व्होल्टचे, मिळून बारा.

बॅटरीवर ‘१५० एएच’ असे लिहिलेले असते. त्याला व्होल्टने गुणा. दीडशे गुणिले बारा म्हणजे अठराशे, अर्थात एक पूर्णांक आठ युनिट. दोन माणसांना उचलायला जड जाणारी ती बॅटरी, आणि तिच्यात दोन युनिटसुद्धा मावत नाहीत! त्यातही बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी. तीन दिवे आणि दोन जुने पंखे त्यावर चार तासांच्या आसपास चालतात. इस्त्री किंवा मिक्सर त्यावर लावायला का नको, ते यावरून लक्षात येईल. आणि विहिरीची मोटार? ती हिशेबाने पूर्ण बॅटरी पंचवीस मिनिटांत पिऊन टाकेल. म्हणूनच शेतातल्या सौरपंपांना सहसा बॅटरी नसते. ऊन आहे तोवर पाणी काढायचे आणि शेततळ्यात साठवायचे. शेततळे हीच त्यांची बॅटरी.

पाठीवरच्या फवारणी पंपात बारा व्होल्ट, आठ एएचची बॅटरी असते. बारा आठे शहाण्णव; युनिटचा दहावा हिस्साही नाही. ती चार्ज करायला बिल किती येईल याची चिंता नको. तिचे मरण दुसऱ्याच गोष्टीत आहे. हंगाम संपला, की ती रिकामी तशीच माळ्यावर जाते. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली, की आतल्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि पुढच्या खरिपाला ती चार्जच घेत नाही. ठेवताना भरून ठेवावी आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा चार्जिंगला लावावी, एवढेच पथ्य.

ट्रॅक्टरच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या पाण्यातले क्षार पट्ट्यांचा घात करतात. हायड्रोमीटरचा आकडा १२५० ते १२८० असला तर बॅटरी भरलेली. ११५० च्या खाली गेला तर लगेच चार्ज करायला हवी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो भडका घेतो, म्हणून पाणी किती आहे ते पाहायला काडी ओढू नये, जवळ विडीही पेटवू नये. पाणी-भरणीच्या वेळी पोरांना दूर ठेवावे. अंगावर आम्ल उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे.

दाब आणि प्रवाह वेगळे कसे, हे बॅटरीइतके कुणी शिकवत नाही. बारा व्होल्टच्या दोन्ही टोकांना कोरड्या हाताने धरले तरी काही होत नाही, कारण दाब कमी आहे. पण त्याच टोकांवर पाना आडवा पडला, तर तिच्यातून शेकडो अँपिअर वाहतात, ठिणग्यांचा लोळ उठतो आणि पाना लाल होतो. बोटातली अंगठी मध्ये आली, तर बोट भाजून निघते. म्हणून बॅटरी काढताना आधी वजा टोक सोडवावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे. मग पाना ट्रॅक्टरच्या सांगाड्याला लागला तरी अनर्थ होत नाही.

याच्या उलट उदाहरण रानडुकरांसाठी कुंपणाला लावतात त्या झटका मशीनचे. त्याचा दाब हजारो व्होल्ट असतो, तरी जनावर मरत नाही. कारण झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असतो आणि पुढच्या झटक्यापर्यंत सुटायला सुमारे एक सेकंद मिळतो. हे पाहून काही जण ‘मशीन कशाला, लाईनच सोडू’ म्हणून २३० व्होल्ट सरळ तारेत सोडतात. त्या तारेत सुटायला क्षणही मिळत नाही. शरीरातून १०० मिलिअँपिअर गेले तरी हृदय थांबू शकते. जुन्या साठ वॅटच्या बल्बमधून जाते त्याच्या निम्म्यानेही कमी. डुकरासाठी लावलेल्या तारेत शेजारचा माणूस, त्याची म्हैस, नाहीतर आपलेच पोर सापडते. तो गुन्हा आहे.

विहिरीवर पाय चिखलात असतात आणि ओल्या अंगाचा विरोध फार कमी असतो, म्हणून तिथला धक्का घरच्यापेक्षा घातक. पेटीजवळ कोरडी फळी टाकावी. घरात ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी बसवून घ्यावा. गळती झाली की तो क्षणार्धात वीज तोडतो. कुणी चिकटलाच, तर त्याला हात लावू नये; आधी मेन स्विच पाडावा, तो दूर असेल तर कोरड्या लाकडाने तार बाजूला सारावी. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देत दवाखाना गाठावा.

आणि मोटारीचे, पेटीचे अर्थिंग. वेष्टण फाटून पत्र्यात आलेली वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, यासाठी ते असते. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून एकदा केले की झाले, असे नाही. उन्हाळ्यात जमीन वाळते, विरोध वाढतो आणि अर्थिंग असून नसल्यासारखे होते. त्या खड्ड्यात चैत्र-वैशाखात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावे. इथे मात्र डिस्टिल्ड लागत नाही, विहिरीचे चालते.